वळचणीची पाहुणी

कोळी दिसला की केरसुणी उचलायची, एवढेच प्राणिशास्त्र आपल्या घरोघरी शिकवले जाते. पोलादपूरसारख्या धो धो पावसाच्या गावी श्रावण-भाद्रपदात वळचणीला, पडवीच्या वाशांत, परसातल्या तगरीवर गोल जाळी दिसू लागतात, आणि गणपतीच्या साफसफाईत पहिल्या फटक्यालाच ती जातात. घरातली जळमटे झाडावीत, याबद्दल वाद नाही. पण कोपऱ्यात धूळ खात लोंबणारे कोळिष्टक निराळे आणि गाडीच्या चाकासारख्या आऱ्यांचे हे जाळे निराळे. एवढा फरक ज्याला दिसला त्याचे ओळखीचे निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे मालकिणीकडे पाहून. मालकीणच म्हणायचे, कारण जाळ्यात ठळक दिसते ती मादी. नर तिच्यापुढे अगदीच किरकोळ. पाय दोन-दोन जोडून फुलीसारखे पसरलेले, डोके खाली, अंगावर पिवळे पट्टे आणि जाळ्यात पांढऱ्या रेशमाची नागमोडी वीण, ही आर्जिओपी. त्या विणीमुळे इंग्रजीत तिला 'सिग्नेचर स्पायडर', म्हणजे सहीचा कोळी, म्हणतात. ही सही भक्ष्याला भुलवण्यासाठी की पाखरांनी जाळे मोडू नये म्हणून, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. दुसरी निओस्कोना. मातकट, गुबगुबीत, दिवेलागणीनंतर जाळे विणते, पुष्कळदा पहाटे तेच खाऊन टाकते आणि दिवसभर पानाआड दडते. दोघीही माणसाला निरुपद्रवी. चिमटीत दाबल्याखेरीज सहसा चावत नाहीत.

तरीही मानेवर फोड उठले की 'कोळी मुतला' हा निकाल ठरलेला! पावसाळ्यात दिव्यावर पेडेरस नावाचा तांबडा-काळा, मुंगीसारखा लांबट किडा येतो. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातील पेडेरिन हे द्रव्य कातडी भाजते. आळ मात्र कोळ्यावर. इथवर गंमत म्हणून सोडून देता येईल. पण तेच फोड नागिणीचे असले तर? तिच्यावरचे औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू व्हावे लागते, आणि ते दिवस आपण लेप लावण्यात व कोळी मारण्यात घालवतो. आमचा राग आहे तो या निकालावर.

ओटी, माजघर खुशाल झाडा. वळचणीचे जाळे येण्याजाण्याच्या वाटेतच असेल, तर ते काठीवर गुंडाळून बाईसाहेबांना कुंपणावर नेऊन सोडा. जुन्या जाळ्याची तिला फारशी माया नसते. नवे विणायला एक रात्र पुरते.