वाचता न येणे हा मुलाचा दोष काय?

गेल्या सत्रातील गोष्ट. प्रथम वर्षाच्या वर्गात मागणीच्या लवचीकतेवरील एक परिच्छेद मी एका विद्यार्थ्यास मोठ्याने वाचावयास सांगितला. त्याने वाचला, परंतु एकेक अक्षर चाचपीत, जोडाक्षरापाशी अडखळत. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत त्याचा आरंभ हातून निसटलेला असे. वर्गात हशा पिकला. वस्तुतः हा मुलगा मंदबुद्धी मुळीच नाही. त्याच्या घरची भाजीची गाडी आहे. वांग्याचा भाव चढला की गिऱ्हाईक कशाकडे वळते, हे तो माझ्याहून नेमके सांगतो. मग बारा वर्षे शाळेत काढून त्याचे झाले काय?

उत्तरासाठी मला माझ्या विषयाची वेस ओलांडावी लागली. मूल बोलणे ऐकून ऐकून शिकते. वाचणे तसे शिकत नाही. लिपी निर्माण होऊन पाच-साडेपाच हजार वर्षे झाली आणि एवढा काळ मेंदूत वाचनासाठी स्वतंत्र केंद्र उत्क्रांत होण्यास फारच तोकडा आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ स्टानिस्लास देआन यांच्या प्रतिपादनानुसार, शिकणारा मेंदू चेहरे व वस्तू ओळखणाऱ्या यंत्रणेतील डाव्या बाजूची काही जागा अक्षरांच्या कामी जुंपतो आणि तिची सांगड वाणीच्या केंद्रांशी घालतो. याचा पहिला सुगावा जुनाच आहे. पॅरिसच्या डॉ. देजेरीन यांनी १८९२ मध्ये एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. मेंदूच्या मागील डाव्या भागास इजा झालेल्या या गृहस्थांना लिहिता येई. मात्र स्वतःच लिहिलेले वाचता येत नसे.

उसन्या जागेत नवे बिऱ्हाड थाटले की जुन्या सवयी आड येतात. कपाचा कान डावीकडे असो वा उजवीकडे, कप तो कपच, असे डोळ्यास वळण पडलेले असते. आता ‘कि’ आणि ‘की’ पाहा. वेलांटीची बाजू बदलली की अक्षर बदलले! शिवाय पहिली वेलांटी काढायची अक्षराआधी आणि उच्चारायची नंतर. ‘अर्क’मधला र उच्चारायचा आधी आणि बसवायचा पुढल्या अक्षराच्या डोक्यावर. इथे चुकणाऱ्या मुलास आपण सर्रास ‘लक्ष नाही’ म्हणून दटावतो. उलट त्याचे सारे लक्ष तिथेच खर्ची पडत असते आणि अर्थासाठी काही शिल्लक उरत नाही. लक्ष ही दुर्मीळ साधनसामग्री आहे, हे निदान अर्थशास्त्राच्या अध्यापकास तरी आधी कळायला हवे होते. अक्षरओळख सरावाने आपोआप होऊ लागेल, तेव्हाच ही साधनसामग्री मोकळी होते. त्यास तास लागतात. शिक्षक समोर बसलेला लागतो.

वय उलटले म्हणून हे काम अशक्य होते, असेही नाही. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवून त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या गेल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात केवळ मेंदूच्या पृष्ठभागाच्याच नव्हे, तर खोलवरच्या भागांच्याही परस्परसंबंधांत बदल आढळला. नमुना लहान होता, हे मान्य. तरी माझ्या विद्यार्थ्यास रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्याने वाचावयास लावण्याचे धैर्य मला त्यातूनच आले.

परंतु हा उपाय महाविद्यालयात करावा लागावा, यात उधळपट्टी किती! ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात पाचवीतील निम्म्याहून थोडी कमीच मुले दुसरीचा मजकूर वाचू शकतात. पहिली-दुसरीत न मिळालेल्या तासांची ही थकबाकी आहे. तरीही या वर्गांवर नेमणूक म्हणजे शिक्षक कमी योग्यतेचा, अशी एक चमत्कारिक समजूत आपल्याकडे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामास लावण्यास मनाई केली खरी. पण जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका हे अपवाद ठेवले. निदान पहिली-दुसरीच्या शिक्षकांना तरी या अपवादांतून वगळावे. ते काम मग इतर कार्यालयांतील कर्मचाऱ्यांच्या माथी येईल आणि माझ्या कारकून वाचकांना ही सूचना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे.