विमानाची केटी कोण घेणार?

विमानांचं म्युझियम म्हटलं की आपल्याला वाटतं, जुनी विमानं गोळा केली, रंग दिला, पाटी लावली, झालं! मला विचाराल तर विमान मिळणं त्यातल्या त्यात सोपं. त्याचा स्क्रू न् स्क्रू माहीत असलेला माणूस मिळणं अवघड, आणि तो काही कायम थांबत नाही.

अमेरिकेत कनेटिकटमध्ये विंडसर लॉक्सला न्यू इंग्लंड एअर म्युझियम आहे. १९६० च्या सुमारास हौशी मंडळींनी उभारलेलं, आजही स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारं. हा सगळा सिकॉर्स्की आणि प्रॅट अँड व्हिटनीचा मुलूख. म्हणजे तिथला विमानांचा इतिहास हा शेजारपाजारच्या लोकांच्या नोकरीचाच इतिहास! ३ ऑक्टोबर १९७९ ला टॉर्नेडोने म्युझियमची कितीतरी विमानं मोडून टाकली, तरी मंडळींनी पसारा पुन्हा मांडला.

त्यांच्याकडे सिकॉर्स्कीचं व्हीएस-४४ आहे. पाण्यावर उतरणारं, चार इंजिनांचं. अशी फक्त तीनच बनली, महायुद्धात ती अटलांटिक ओलांडायची. उरलं हे एकच. १९६९ मध्ये व्हर्जिन आयलंड्सला त्याला अपघात झाला आणि पुढे किनाऱ्यावर त्याचा चक्क हॉट डॉगचा स्टॉल झाला! १९८३ मध्ये ते या म्युझियमकडे आलं. दुरुस्तीला सुमारे दहा वर्षं लागली. आणि दुरुस्त कोणी केलं? स्वयंसेवकांनी. त्यात सिकॉर्स्कीचे जुने कामगार होते, ज्यांनी तरुणपणी हेच विमान बांधलं होतं.

आमच्या आयटीत याला केटी म्हणतात, नॉलेज ट्रान्सफर. डॉक्युमेंट कितीही लिहा, 'हे असं का केलं' ते त्या माणसालाच माहीत असतं. ड्रॉइंगवर माप असतं, हाताचा अंदाज नसतो.

आता आपल्याकडे बघा. नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये एचएएलचा कारखाना आला तो मिग-२१ साठी. २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. वैमानिकांच्या मुलाखती झाल्या, फोटो झाले, आणि ते योग्यच होतं. पण ते विमान जोडणाऱ्या, पुन्हा पुन्हा खोलून ओव्हरहॉल करणाऱ्या फिटरचं काय? सुरुवातीच्या बॅचचे लोक आज ऐंशीच्या घरात असणार.

चौकात खांबावर एक मिग उभं केलं की आपलं कर्तव्य संपतं का? ते विमान पन्नास वर्षांनीही तिथेच असेल. काका नसतील.

यासाठी सरकारी निधी, समिती, उद्घाटन काही लागत नाही. मोबाईलवर रेकॉर्डिंग होतं. घरातल्या, शेजारच्या एका निवृत्त काकांपासून सुरुवात करा. गुपितं नकोतच. हात कसा बसला, चूक कशी पकडली, एवढं सांगितलं तरी पुष्कळ. म्युझियमची इमारत नंतर बघू.

नाशिककर, वाचताय ना?