लेकरांचा हंगाम चुकू देऊ नका



कपाशीच्या ओळीत नांगे पडले तर ते केव्हा भरायचे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. उगवणीनंतर आठ-दहा दिवसांत बी टोकले तर झाड ओळीत येते. महिन्याने टोकले तर शेजारच्या झाडांच्या सावलीत खुरटते. बी तेच, जमीन तीच, खतही तेच. वेळ तेवढी गेलेली असते.

लेकराच्या वाढीचेही असेच आहे. नऊ महिने उलटले तरी बाळ आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही, एका हाताची मूठ कायम आवळलेली राहते, घास चावता येत नाही, यांपैकी काहीही दिसले की तपासणी लगेच झाली पाहिजे. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू सर्वांत झपाट्याने घडतो. खेड्यात मात्र नेमकी हीच वर्षे ‘थांबा, काही पोरं उशिरा चालतात’ या सल्ल्यात आणि नवस-सायासात निघून जातात. दोष मात्र आईच्या माथी येतो.

या कामाचे एक शास्त्र आहे. त्याला व्यवसायोपचार म्हणतात, शहरात ऑक्युपेशनल थेरपी. नावामुळे घोटाळा होतो. नोकरी-धंद्याशी त्याचा संबंध असेल असे वाटते. लेकराचा व्यवसाय कोणता? जेवणे, खेळणे, सदऱ्याची गुंडी लावणे, परसाकडे बसणे, पाटीवर अक्षर काढणे. सेरेब्रल पाल्सी असो, स्वमग्नता असो की वाढ मागे पडलेली असो, ही रोजची कामे मुलाला आपली आपण करता यावीत म्हणून जाणकार सराव करून घेतो आणि शरीर साथ देत नाही तिथे वस्तू बदलतो. चमच्याच्या दांडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड केली, तर पकड नसलेल्या हातालाही चमचा धरणे सोपे जाते. गावच्या सुताराने भिंतीच्या कोपऱ्यासारखी पाठ असलेली बैठक करून दिली, तर पाठ न धरणारे मूल घरच्यांच्या पंगतीला बसू शकते. यात परदेशी यंत्र कुठे आले?

हे शास्त्र शेतकऱ्याच्या घराला परकेही नाही. भारतातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी सुरू केली. त्या जन्माने अमेरिकन, लग्नाने महाराष्ट्राच्या झाल्या. फलटणचे शेतीसंशोधक बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव. मुलाचे काम शेताच्या बांधापर्यंत आले. आईने आणलेली विद्या पंचाहत्तर वर्षांनंतरही मुख्यतः मोठ्या शहरांतच अडकून पडली आहे.

सरकारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्याच राज्यात, पालघरला. त्यानुसार डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुले तपासते. वाढीतली दिरंगाई सापडली की चिठ्ठी मिळते ती जिल्ह्याच्या केंद्राची. म्हणजे दुखणे शोधायला गाडी गावात येते आणि उपचाराला मात्र गावाने जिल्ह्याला जायचे!

आता हिशोब करा. आठवड्याला एक फेरी धरली तर वर्षाच्या ५२ फेऱ्या. मूल कडेवर, सोबत आई आणि आणखी एक माणूस. दोघांचे मिळून कामाचे १०४ दिवस गेले. एसटीचे भाडे आणि बाहेरचे खाणे वेगळे. पेरणी-वेचणीच्या दिवसांत सर्वांत आधी सुटते ती ही फेरी. मग कागदावर शेरा पडतो, ‘पालक उदासीन’. उदासीन कोण आहे, हे हा हिशोबच सांगतो.

बैल लंगडला तर गावच्या पंचक्रोशीत पशुवैद्यकीय दवाखाना असावा, हे सरकारला पटले. गाईच्या कृत्रिम रेतनाची सोय गावात हवी, हेही पटले. मग लेकराच्या हातासाठीच जिल्ह्याची वाट का?

आमचे म्हणणे सरळ आहे. मैदानी भागात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे सरकारचेच प्रमाण आहे. तालुक्याला एक व्यवसायोपचारतज्ज्ञ नेमा आणि त्याने ठरलेल्या वारी ठरलेल्या केंद्रात बसावे. हा वार शक्यतो बाजाराचा असावा. १९८० च्या दशकात ‘प्रशिक्षण आणि भेट’ योजनेत कृषी खात्याचा माणूस असाच ठरलेल्या दिवशी गावात येई. त्या योजनेचे बाकी काहीही म्हणा, ठरलेला वार लोकांच्या ध्यानात राहायचा.

कोणी म्हणेल, केंद्रात डॉक्टर आणि औषधे मिळायची मारामार, त्यात हे नवे खूळ कशाला? डॉक्टर आणि औषधे मागायचीच आहेत. पण एक मागणी अपुरी राहिली म्हणून दुसरी सोडायची, तर गावाने काहीच मागायला नको. दुसरे म्हणतील, एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून? म्हणूनच आम्ही गावोगाव एक मागत नाही, तालुक्याला एक मागतो. रोजचा सराव घरातच व्हायचा असतो. तज्ज्ञाने तो आईला, आजीला, अंगणवाडीताईला शिकवायचा आणि पुढच्या वारी तपासायचा. घरात चूल कुठे, उंबरा किती उंच, मूल भाकरी खाते की भात, हे जवळ बसणाऱ्यालाच कळते.

आणि ही भीक नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चे कलम २५ सांगते की, उत्पन्नाची अट ठेवून का होईना, दिव्यांगांना मोफत आरोग्यसेवा परिसरातच, विशेषतः ग्रामीण भागात, मिळाली पाहिजे. जिल्ह्याचे गाव म्हणजे परिसर नव्हे.

तेव्हा या बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी कराव्यात. एक, वयाप्रमाणे वाढ न झालेली लेकरे किती आहेत, याचा आकडा अंगणवाडीताईंकडून आणावा, नावे नकोत. दोन, ग्रामसभेत ठरलेल्या वाराच्या मागणीचा ठराव करावा. तीन, गावच्या डॉक्टरला, मग तो सरकारी असो वा खाजगी, सांगावे की ‘थांबा’ म्हणण्याआधी लेकराला तपासणीला पाठवा.

पीक बुडाले तर पुढचा हंगाम असतो. लेकराचे हे पहिले तीन हंगाम मात्र परत येत नाहीत.