मुलाचे माप कशाने घ्यावे?

परीक्षा विद्यार्थ्याची असते असे आपण म्हणतो. परंतु ज्या घरात पंधरा-सोळा वर्षांचे मूल आहे त्या घरात ती सर्वांचीच असते. स्कॉटलंडमधील घरेही याला अपवाद नाहीत. तेथे माध्यमिक शाळेच्या चौथ्या वर्षी ‘नॅशनल फाइव्ह’, पाचव्या वर्षी ‘हायर’ आणि सहाव्या वर्षी ‘ॲडव्हान्स्ड हायर’ अशा पायऱ्या मुलांना चढाव्या लागतात. हिवाळ्यात शाळेची पूर्वपरीक्षा होते, वसंत ऋतूत प्रत्येक विद्यार्थ्याची अंदाजित श्रेणी शिक्षक परीक्षा मंडळाला कळवितात, एप्रिलच्या अखेरीस लेखी परीक्षा सुरू होते, आणि ऑगस्टच्या आरंभी प्रमाणपत्र टपालाने घरी येते. पोस्टमनची वाट पाहत खिडकीशी उभे असलेले त्या सकाळचे आईबाप आणि संगणकासमोर निकालाची वाट पाहणारे आपल्याकडील आईबाप यांच्या काळजात फारसे अंतर नसावे.

तरीही सातासमुद्रापलीकडील एका छोट्या देशाच्या शालेय परीक्षेवर आम्ही आज अग्रलेख लिहीत आहोत, आणि तोही पहिल्या पानावर, याचे कारण सांगितले पाहिजे. 2020 साली तेथे जे घडले त्याने एक प्रश्न अत्यंत स्पष्टपणे जगापुढे ठेवला. मुलाचे माप कशाने घ्यावयाचे? त्याच्या स्वतःच्या कामाने, की तो ज्या शाळेत बसतो आणि ज्या वस्तीत राहतो तिच्या पूर्वेतिहासाने? हा प्रश्न सरकारांपुढे आहेच. परंतु आमच्या मते तो त्याहूनही अधिक प्रत्येक घरापुढे आहे.

घडले ते थोडक्यात असे. कोरोनाच्या साथीमुळे 19 मार्च 2020 रोजी स्कॉटलंडचे तत्कालीन शिक्षणमंत्री जॉन स्विनी यांनी त्या वर्षीच्या परीक्षा रद्द झाल्याचे जाहीर केले. 1888 सालापासून दोन महायुद्धांतही न तुटलेली परंपरा त्या दिवशी प्रथमच खंडित झाली. परीक्षेऐवजी शिक्षकांनी प्रत्येक मुलाच्या श्रेणीचा अंदाज द्यावा, असे ठरले. शिक्षकांनी तो दिला. त्यानंतर परीक्षा घेणाऱ्या ‘स्कॉटिश क्वालिफिकेशन्स ऑथॉरिटी’ या संस्थेने ते अंदाज त्या त्या शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांशी ताडून पाहिले आणि जेथे ते जुळले नाहीत तेथे बदलले. 4 ऑगस्ट रोजी निकाल लागला, तेव्हा शंभरातील 26 हून अधिक अंदाज बदलले गेल्याचे दिसून आले, आणि बदललेल्यांपैकी 93 टक्के खाली ओढले गेले होते. ही संख्या सुमारे 1 लाख 24 हजार होती.

आकड्यांचा खरा अर्थ पुढेच आहे. ‘हायर’ परीक्षेत अत्यंत गरीब वस्त्यांतील मुलांपैकी 85.1 टक्के उत्तीर्ण होतील, असे शिक्षकांचे अनुमान होते. संस्थेने ते 69.9 वर आणले. अत्यंत सुस्थित वस्त्यांतील मुलांचे अनुमान 91.5 टक्के होते, ते 84.6 वर आले. म्हणजे गरिबांच्या ताटातून 15 आणि श्रीमंतांच्या ताटातून 7 काढून घेतले गेले. हे कोणी वैरभावाने केले असे आम्ही म्हणत नाही. गणिताला वैर ठाऊक नसते. परंतु ज्या शाळेतून पूर्वी थोडी मुले वर गेली तिच्यातून यंदाही थोडीच जाणार, असे एकदा गृहीत धरले की त्या शाळेतील हुशार मुलीने वर्षभर काय केले हे पाहण्याची गरजच उरत नाही.

या पद्धतीच्या समर्थनार्थ जे म्हटले गेले तेही न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. 2019 साली ‘हायर’चा निकाल 74.8 टक्के होता. शिक्षकांच्या अंदाजाने तो एकदम 88.8 वर जात होता. एका वर्षात सबंध देशाची बुद्धी एवढी वाढली यावर कोण विश्वास ठेवील? शिवाय कपातीनंतरही गरीब वस्त्यांचा निकाल आदल्या वर्षाहून साडेचार टक्क्यांनी वरच राहिला, असे सरकारचे म्हणणे होते. हे आकडे खरे आहेत आणि प्रमाणपत्राची किंमत राखली पाहिजे ही चिंताही रास्त आहे. शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांविषयी थोडे उदार होतात, हे कोणता शिक्षक नाकारील? परंतु सरासरीचा दोष सरासरीत दाखवून देणे निराळे आणि त्याची शिक्षा एका विशिष्ट मुलीला देणे निराळे. सबंध गावात तापाची साथ आहे म्हणून नाडी न पाहताच एखाद्याला औषध पाजणाऱ्या वैद्याला आपण वैद्य म्हणत नाही.

मुलांनी हे मुकाट्याने सोसले नाही. तीनच दिवसांत ग्लासगोच्या जॉर्ज चौकात विद्यार्थी जमले. आम्हाला आमच्या कामावरून जोखा, आमच्या पत्त्यावरून नको, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. 10 ऑगस्टला तत्कालीन फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी चूक झाल्याचे मान्य करून क्षमा मागितली, आणि दुसऱ्या दिवशी स्विनी यांनी खाली ओढलेल्या सर्व श्रेणी शिक्षकांच्या अंदाजाप्रमाणे पूर्ववत करण्याची घोषणा केली. सरकारने चूक कबूल करावी आणि आठवड्याभरात ती सुधारावी, ही गोष्ट लोकशाहीच्या इतिहासात नित्याची नाही. ती तेथे घडली, हे त्या मुलांचे आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या आईबापांचे यश होय.

पुढच्या वर्षाने दुसरा धडा शिकविला. 2021 सालीही परीक्षा झाल्या नाहीत. या खेपेस शिक्षकांचा निर्णय मुलाने प्रत्यक्ष करून दाखविलेल्या कामावर आधारलेला असावा असे ठरले. तत्त्व उत्तम होते. परंतु शाळा दीर्घकाळ बंद राहिल्याने हाताशी पुरावा थोडा होता, आणि तो गोळा करण्यासाठी शाळा उघडताच चाचण्यांचा मारा सुरू झाला. परीक्षा रद्द झाली, तिचे केवळ नाव बदलले, अशी टीका तेव्हा झाली व ती अगदीच निराधार नव्हती. 2022 पासून नेहमीच्या परीक्षा पुन्हा सुरू झाल्या. 2025 च्या जूनमध्ये तेथील संसदेने कायदा संमत करून त्या परीक्षा संस्थेच्या जागी नवी संस्था आणण्याचा निर्णय केला. पाटी बदलल्याने विश्वास परत येतो की नाही, हे काळच ठरवील.

आपण या प्रकरणाकडे परक्याच्या दृष्टीने पाहू शकत नाही. 2021 साली आपल्याकडेही दहावीची परीक्षा रद्द झाली. राज्य मंडळाने नववीच्या निकालाला 50, दहावीच्या वर्षातील लेखी मूल्यमापनाला 30 आणि तोंडी, प्रात्यक्षिक वा अंतर्गत मूल्यमापनाला 20 गुण दिले. निकाल लागला 99.95 टक्के. स्कॉटलंडमध्ये शिक्षकांवर अविश्वास दाखविल्याने अन्याय झाला. आपल्याकडे जवळजवळ कोणीच नापास न झाल्याने वरकरणी सारेच सुखी झाले. परंतु ज्याने खरोखर कष्ट केले होते त्याच्या गुणांना त्या गर्दीत कोणी विचारले? केंद्रीय मंडळाने तर त्याच वर्षी शाळांना आपल्या मागील तीन वर्षांपैकी उत्तम निकालाचे वर्ष प्रमाण मानून गुण बसविण्यास सांगितले. म्हणजे स्कॉटलंडने जो मार्ग एका वर्षापूर्वी सोडला होता त्याचीच ही एक पाऊलवाट होती. वर्षभराचे काम विश्वासाने टिपून ठेवण्याची सवय नसली, आणि सारा भार तीन तासांच्या एका पेपरावर टाकला, की तो पेपर हातचा जाताच सगळेच चाचपडू लागतात. स्कॉटलंड चाचपडला, आपणही चाचपडलो.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे सारे लिहिले तिच्याकडे येऊ. त्या संस्थेला दोष देणे सोपे आहे. परंतु तिने जे केले तेच आपण आपल्या घरात रोज करीत नाही काय? मुलगी पूर्वपरीक्षेचा पेपर देऊन घरी येते. “कसा गेला?” असे आपण विचारतो. ती “बरा गेला” म्हणते; आणि आपण लगेच मनातल्या मनात त्यातून काही वजा करतो. ताईला त्या विषयात इतके पडले होते, मावशीच्या मुलाला तितके पडले, आपल्या घराण्यात गणित कोणालाच जमले नाही, म्हणून हिलाही जमणार नाही. कधी उलटेही होते: बाप डॉक्टर, आई प्राध्यापिका, तेव्हा मुलाला नव्वदच्या खाली पडूच शकत नाहीत. पहिल्या घरात मुलाला पूर्वेतिहासाने खाली ओढले जाते, दुसऱ्या घरात त्याच पूर्वेतिहासाने त्याला पेलणार नाही इतके वर चढविले जाते. दोन्ही घरांत एकच गोष्ट पाहिली जात नाही, आणि ती म्हणजे त्या मुलाची वही.

मुलाकडून त्याचे मत मागावयाचे आणि मग ते त्याच्या पाठीमागे बदलावयाचे, यासारखा विश्वासघात नाही. स्कॉटलंडच्या शिक्षकांना 2020 साली हेच बोचले. आम्हाला विचारले कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. सोळा वर्षांच्या मुलाला तो प्रश्न शब्दांत मांडता येत नाही. तो दार लावून घेतो. आणि मग ‘हल्ली मुले काही सांगतच नाहीत’ अशी तक्रार आपण करतो.

मग आईबापांनी करावे तरी काय? आमच्या मते त्यांचे कर्तव्य कठीण असले तरी गूढ नाही. शिक्षकांनी दिलेला अंदाज हा निकाल नव्हे. तो वाटेवरचा मैलाचा दगड आहे. तो पाहून रडणे वा पेढे वाटणे दोन्ही व्यर्थ. कोणता भाग कच्चा राहिला आणि उरलेल्या आठवड्यांत त्यातले किती सुधारता येईल, एवढेच मुलाबरोबर बसून शिक्षकांना विचारावे. दोन गुण वाढवून मागण्यासाठी शिक्षकाच्या दारात जाणारा बाप आपल्या मुलाला एवढेच शिकवितो की काम नसले तरी चालते, ओळख असली म्हणजे झाले.

वर्षभराचे काम जपून ठेवावे. स्कॉटलंडमध्ये परीक्षेच्या दिवसांत आजारपण आले किंवा घरात मृत्यू घडला तर शाळा मुलाच्या आधीच्या कामाचा पुरावा सादर करू शकते, आणि त्यावरून श्रेणी ठरविता येते. पण ज्याचे कामच जपलेले नाही त्याच्यासाठी शाळा काय सादर करणार? तेव्हा अशी आपत्ती आली तर ती संकोचाने लपवू नये, शाळेला तत्काळ कळवावी. निकालाविरुद्ध दाद मागण्याची वाट आहे, परंतु तीही डोळे उघडे ठेवून चालावी. तेथे 2024 पासून अपिलात उत्तरपत्रिकेचे गुण पुन्हा पाहिले जातात, आणि श्रेणी वाढू शकते तशी कमीही होऊ शकते. रागाच्या भरात मुलाच्या नावाने आईबापांनी हा डाव खेळू नये. निर्णय मुलाचा असावा.

आणि निकालाच्या सकाळी पहिले वाक्य जपून उच्चारावे. त्या दिवशीचे गुण दहा वर्षांनी कोणाला आठवणार नाहीत, पण आई काय म्हणाली, बाबा गप्प का बसले, हे मुलाला जन्मभर आठवते. अपेक्षेहून कमी मिळाले तर पुढील वर्षी पुन्हा बसण्याची वाट तेथे आहे, महाविद्यालयाची आहे, काम शिकता शिकता शिकण्याचीही आहे. आपल्याकडेही पुरवणी परीक्षा आहे, आयटीआय आहे, पदविका आहे. वाटा संपलेल्या नसतात; त्या दाखविण्यासाठी घरात एक शांत माणूस लागतो.

याचा अर्थ आईबापांनी व्यवस्थेपुढे मान तुकवावी असा नव्हे. मुलाचे काम न पाहता त्याच्या शाळेवरून, वस्तीवरून वा घराण्यावरून कोणी त्याला तोलू लागला, तर ग्लासगोच्या मुलांप्रमाणे चौकात उभे राहण्याची हिंमत आपल्यातही असावी. परंतु सरकारपुढे हा न्याय मागण्याचा अधिकार ज्याला हवा त्याने तो आधी आपल्या घरात दिला पाहिजे. स्कॉटलंडच्या सरकारला आपली चूक ओळखून ती दुरुस्त करण्यास आठवडा लागला. आपल्या घरातील ती चूक दुरुस्त करण्यास आजची संध्याकाळ पुरेशी आहे.