कुर्ल्याचे आतडे आणि नळाचे पाणी

नळाला गढूळ पाणी आले, की कुर्ल्याच्या चाळी-झोपड्यांत जुलाबाची साथ ठरलेली. रोटाव्हायरसवरची तोंडावाटे द्यायची लस आज सरकारी केंद्रांत मोफत मिळते. पण भारतीय चाचणीत तीव्र जुलाबापासून तिने दिलेले संरक्षण सुमारे ५५ टक्केच होते. श्रीमंत देशांत अशा लसी अधिक प्रभावी ठरतात. घाण पाण्याने वारंवार सुजणारे आतडे, हे एक संशयित कारण.

२००९ मध्ये नेदरलँड्समध्ये सातो व क्लेव्हर्स यांनी उंदराच्या एकेका मूळपेशीपासून प्रयोगशाळेत इवले आतडे वाढवले. २०१६ मध्ये अमेरिकेत मानवी आतड्याच्या अशाच प्रतिकृतीत नोरोव्हायरस वाढवता आला. मग मिठीकाठच्या मुलांच्या पेशींवर, पालकांच्या संमतीने, असा अभ्यास मुंबईत का होऊ नये?

जरूर व्हावा. मात्र त्या निष्कर्षांची वाट पाहत फुटक्या जलवाहिन्या तशाच ठेवू नयेत. गटाराचे पाणी नळात शिरते, हे कळायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.