चिठ्ठीत निघालेले काम

सातवीत बाईंनी ‘हॅरी पॉटर आणि परीस’ वाचायला दिले तेव्हा आमचे पाच-पाच जणांचे गट पाडले आणि प्रत्येकाच्या हाती एक चिठ्ठी ठेवली. कोणी प्रश्न काढायचे, कोणी अवघड शब्द शोधायचे, कोणी चित्र काढायचे, कोणी आवडता उतारा वाचायचा. माझ्या चिठ्ठीवर होते : गोष्टीचा आपल्या आयुष्याशी दुवा जोडणे.

घरी पुस्तकांचे कपाट असलेली मुले हसली. गप्पा मारायला चिठ्ठी कशाला? त्यांचे खरेच होते. आमच्या घरी पुस्तक म्हणजे पाठ्यपुस्तक, आणि तेही भावासाठी जपून ठेवायचे. मला त्या चिठ्ठीने बोलायचा हक्क दिला. मी म्हटले, हर्मायनीचे आईबाप दंतवैद्य, घरात जादू कोणालाच येत नाही. म्हणूनच ती सगळी पुस्तके आधी पाठ करून येते. भीती वाटत असणार तिला. गट क्षणभर गप्प झाला.

ही पद्धत १९९४ च्या आपल्या पुस्तकातून रूढ करणारे अमेरिकेतील हार्वे डॅनियल्स यांनीच पुढे बजावले, की ही कामे थोड्या काळापुरतीच असावीत. नाही तर मुले चर्चा सोडून कागद भरीत बसतात. पटते. पण थोडा काळ म्हणजे किती, हे वर्गातल्या सर्वांत धीट मुलाकडे पाहून ठरवू नये. आणि चिठ्ठ्या फिरल्याच पाहिजेत. आमच्या गटात चित्राची चिठ्ठी वर्षभर एकाच मुलीकडे राहिली. तिचा हात चांगला होता ना! पुस्तकाविषयी ती एक शब्द बोलली नाही. मी तिच्या शेजारीच बसत होते.