चालतं, पण कुठे?

अ‍ॅन्सिबलचा रोल डेबियनवर सुरळीत चालला की तो सगळ्याच लिनक्सवर चालेल, असं अनुभवी मंडळीही छातीठोकपणे सांगतात. कर्नल एकच आहे आणि पॅकेज मॉड्यूल एपीटी व डीएनएफ यांतला फरक स्वतःच सांभाळतं, मग दर डिस्ट्रोवर वेगळी चाचणी कशाला, असा त्यांचा सवाल.

मॉड्यूल सांभाळतं ते फक्त आज्ञेतला फरक. डेबियनवरचं 'अपाची2' रेड हॅटवर 'एचटीटीपीडी' होतं, हे त्याला ठाऊक नसतं. नावाची चूक निदान लगेच ओरडते. वागणुकीतला फरक मात्र गप्प राहतो. डेबियनमध्ये पॅकेज बसताच सेवा सुरू होते. रेड हॅटमध्ये ती आपण सुरू करेपर्यंत बंदच. सेवा सुरू करण्याची ओळ राहून गेलेला रोल डेबियनवर उत्तीर्ण होतो आणि रेड हॅटवर एकही त्रुटी न दाखवता बंद सर्व्हर मागे ठेवतो.

'आमच्याकडे एकच डिस्ट्रो आहे' म्हणणाऱ्यांनी सेंटओएस 8 आठवावं. 2029 पर्यंत मिळणार असलेला आधार 31 डिसेंबर 2021 लाच संपेल, असं डिसेंबर 2020 मध्ये जाहीर झालं. डिस्ट्रो बदलणं दर वेळी आपल्या मर्जीवर नसतं.

'आम्ही कंटेनरमध्ये तपासतो' हा दावा अधिक वजनदार आहे. वेगासाठी कंटेनर हवाच. पण तो यजमानाचाच कर्नल वापरतो, आत बहुधा सिस्टमडी नसतं आणि लक्ष्य यंत्रावरचा एसईलिनक्सचा पहारा तिथे अनुभवाला येत नाही. रेड हॅटवर हा पहारा मुळातच चालू असतो. वेब सर्व्हरला 3131 पोर्ट दिलात, तर कंटेनरातली चाचणी हिरवी होईल आणि खऱ्या यंत्रावर परवानगी नाकारली जाईल.

म्हणून माझा आग्रह असा: आधार जाहीर केलेल्या प्रत्येक डिस्ट्रोच्या कोऱ्या व्हीएमवर रोल दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी बदल शून्य दिसले पाहिजेत. मग दुसऱ्या यंत्रावरून त्या वेब सर्व्हरकडे पान मागून बघा, कारण रोलने 'झालं' म्हणणं हा पुरावा नव्हे. कोडला हात लागला नसला तरी हे दर आठवड्याला व्हावं. खालची पॅकेजं बदलतच असतात. याला वेळ आणि यंत्रं लागतात, हे खरंच. ती परवडत नसतील तर रोलच्या मेटा फाइलमधल्या यादीतून त्या डिस्ट्रोचं नाव काढून टाका. ते नाव वाचून कुणीतरी रात्री दोन वाजता आपला चालता सर्व्हर तुमच्या रोलच्या हवाली करत असतो.